रक्तातील खूण: वर्धा जिल्ह्यातील हत्तीरोग-निदानाच्या इतिहासाचा एक अभ्यास

वर्धा जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासाचे लेखन आजवर मुख्यतः व्यक्ती आणि चळवळी यांच्या अनुरोधाने झालेले आहे. १८६२ साली नागपूर जिल्ह्यापासून वेगळा काढलेला हा जिल्हा, कापसाचा व्यापार, रेल्वेमार्ग, पुढे जमनालाल बजाज यांचे कार्य, १९३६ मध्ये गांधीजींचे सेगावातील वास्तव्य आणि १९४० साली त्या गावाचे झालेले सेवाग्राम हे नामांतर, या घटनांची नोंद विपुल आहे. त्या मानाने याच भूमीवर शास्त्रीय पद्धतींचा जो विकास झाला, त्याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. संस्थेची स्थापना केव्हा झाली व कोणी केली, येथवर इतिहास थांबतो; त्या संस्थेत कोणत्या प्रश्नाचा पाठपुरावा झाला आणि त्याचे उत्तर कितपत हाती लागले, हे वैद्यकाच्या नियतकालिकांत पडून राहते. प्रस्तुत लेखात अशाच एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. रोग देहावर प्रकट होण्यापूर्वी त्याची खूण रक्तात ओळखता येईल काय, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न आज जगभर स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या संदर्भात विचारला जात आहे. स्वादुपिंड उदराच्या पाठीमागील भागात दडलेले असते. तेथील अर्बुद वाढत असता रोग्याला बहुधा काहीच जाणवत नाही, आणि कावीळ, वजनाची घट वा पाठीतील वेदना सुरू होऊन तो वैद्याकडे येतो तेव्हा शंभरातील सुमारे ऐंशी रुग्णांत शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. म्हणून या रोगाची एखादी खूण रक्तात सापडावी, अशी धडपड चाललेली आहे. परंतु रक्तातील खुणेवरून गुप्त रोग हुडकण्याचा प्रयत्न ही केवळ मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांची मिरास नव्हे. कर्करोगाच्या नव्हे, तर हत्तीरोगाच्या निमित्ताने हाच प्रश्न सेवाग्राम येथे गेल्या शतकाच्या आठव्या आणि नवव्या दशकांत मोठ्या चिकाटीने हाताळला गेला. त्या प्रयत्नातील यश आणि अडचणी ही दोन्ही आजच्या कर्करोग-संशोधनावर प्रकाश टाकणारी आहेत.

हत्तीरोग आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात श्लीपदाचे वर्णन वृद्धी आणि उपदंश यांच्यासह एकाच अध्यायात आले आहे. ज्या प्रदेशात जुने पाणी साचून राहते आणि जे सर्व ऋतूंत थंड असतात, तेथे हा रोग विशेषेकरून होतो, असे निरीक्षण प्राचीन वैद्यांनी नोंदवून ठेवले आहे. डासाचा संबंध त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. तथापि साचलेले पाणी आणि सुजलेला पाय यांची सांगड त्यांनी घातली होती, ही गोष्ट लहान नव्हे. अंडवृद्धीचा उल्लेख त्याच अध्यायात यावा, हेही सूचक आहे. कारण आजच्या ज्ञानाप्रमाणे पायाची सूज आणि अंडवृद्धी ही पुष्कळदा एकाच कृमीची दोन रूपे असतात.

अर्वाचीन इतिहासाचा आरंभ १८६३ पासून धरावा लागतो. त्या वर्षी पॅरिसमध्ये दमार्के याने अंडवृद्धीच्या द्रवात सूक्ष्म कृमी पाहिले. १८६६ मध्ये ब्राझीलमधील बाहिया येथे वुखेरर याला तेच कृमी रुग्णाच्या दुधट लघवीत आढळले. पण ते मनुष्याच्या रक्तात वाहतात हे प्रथम दाखविले गेले ते हिंदुस्थानात. १८७२ साली कलकत्त्यात टिमथी लुईस याने. पुढे १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात बँक्रॉफ्टला पूर्ण वाढलेला कृमी सापडला, आणि १८७७ मध्ये चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन याने आपल्या रोगी माळ्याचे रक्त प्यालेल्या डासांच्या देहात त्या कृमींची वाढ होते हे पाहिले. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या नावात यांपैकी दोघांची स्मृती राहिली आहे. लुईसचे नाव मात्र मागे पडले.

मॅन्सनचे दुसरे निरीक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. सूक्ष्मकृमी दिवसा रक्तात जवळजवळ दिसत नाहीत, रात्री मात्र त्यांची संख्या वाढत जाऊन मध्यरात्रीच्या सुमारास ती सर्वाधिक होते, हे त्याने १८७९ च्या सुमारास सिद्ध केले. दिवसा ते फुप्फुसांतील केशवाहिन्यांत दडून बसतात आणि डासांच्या चावण्याच्या वेळी पृष्ठभागाजवळच्या रक्तात उतरतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की, हत्तीरोगाची रक्तपरीक्षा करावयाची तर ती रात्रीच करावयास हवी. हिवतापाचे जंतू पाहण्यासाठी रोग्याचे रक्त केव्हाही काचेवर घेता येते. हत्तीरोगासाठी तपासनीसाला रात्री साडेआठनंतर कंदील, सुई आणि काचा घेऊन दारोदार जावे लागते. बोटातून वीस घन मिलिमीटर रक्त काढून त्याचा जाड लेप काचेवर द्यायचा, तो वाळवून रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली कृमी मोजायचे, ही पद्धत १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रमाने देशभर रूढ केली. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाला झोपेतून उठवून, त्याला काहीही होत नसता, बोटाला सुई टोचू द्यावी असे पटविणे किती कठीण असेल, याची कल्पना करता येते.

त्यातून या रोगाचे एक वैशिष्ट्य असे की, ज्याला तो झालेला स्पष्ट दिसतो त्याच्या रक्तात बहुधा खूण सापडत नाही. ज्याचा पाय हत्तीसारखा झाला आहे, त्याच्या लसीकावाहिन्यांतील कृमी मरून गेलेले असतात वा त्या वाहिन्या बंद झालेल्या असतात. त्याचे रात्रीचे रक्त पुष्कळदा निर्मळ निघते. उलट, ज्याच्या रक्तात शेकडो सूक्ष्मकृमी फिरत आहेत, तो मनुष्य धडधाकट दिसतो, कामावर जातो, आणि नकळत गावातील डासांना रोगाचे बीज पुरवीत राहतो. दिसणारा रोगी रोग पसरवीत नाही आणि पसरविणारा रोगी दिसत नाही. म्हणून या रोगाच्या बाबतीत रक्तातील खूण ही निदानाची केवळ पूरक गोष्ट नसून, गावाच्या दृष्टीने तीच एकमेव गोष्ट ठरते. १९४७ च्या सुमारास डायएथिलकार्बमझीन हे औषध उपलब्ध झाले होते आणि ते सूक्ष्मकृमींचा नाश करते हे ठाऊक होते. ते द्यावयाचे कोणाला, एवढाच प्रश्न उरला.

वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न उपस्थित होण्यास भूमी अनुकूल होती. पूर्व विदर्भातील अन्य जिल्ह्यांप्रमाणे येथेही हत्तीरोग स्थानिक स्वरूपाचा आहे. त्याचा वाहक क्युलेक्स जातीचा डास घाण पाण्यात, गटारांत आणि शोषखड्ड्यांत वाढतो. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वसविलेले वर्धा शहर, वणा नदीकाठचे हिंगणघाट, गिरण्यांमुळे वाढलेले पुलगाव, अशी कापूस आणि रेल्वे यांच्या आधारे फुगलेली गावे या जिल्ह्यात आहेत. वस्ती वाढली त्या वेगाने सांडपाण्याची व्यवस्था अशा गावांत क्वचितच वाढते.

दुसरी गोष्ट, गुप्त रोग्याचा गावोगाव शोध घेण्याची परंपरा या जिल्ह्यात आधीपासून होती. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी दत्तपूर येथे महारोग्यांच्या सेवेचे काम सुरू केले. १९५१ मध्ये वर्धा येथे गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचे कार्य सुरू झाल्यावर डॉ. रा. वि. वर्डेकर यांनी पाहणी, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीची आखणी केली. रोगी दारी येण्याची वाट न पाहता घराघरांत जाऊन प्रत्येकाची त्वचा तपासावी, चट्टा लहान असतानाच तो ओळखावा, हे त्यामागील तत्त्व होते. आणि ते पुढे देशाच्या कुष्ठरोग-कार्यक्रमानेही उचलले. महारोगाची खूण मात्र त्वचेवर होती. प्रशिक्षित कार्यकर्त्याच्या डोळ्यांना आणि बोटांना ती सापडू शकत होती. हत्तीरोगाच्या बाबतीत तेच तत्त्व लावावयाचे तर डोळ्यांऐवजी रक्ताकडे वळावे लागत होते.

१९६९ साली, गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. कस्तुरबा रुग्णालय त्याआधीच तेथे चालू होते. खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय काढण्याचा हा देशातील पहिलाच प्रयोग मानला जातो. अशा महाविद्यालयात संशोधन व्हावयाचे ते कोणत्या विषयाचे, हा प्रश्न औपचारिक नव्हता. उपकरणांच्या बाबतीत मुंबई वा दिल्ली यांच्याशी बरोबरी करणे शक्य नव्हते, आणि त्याची आवश्यकताही नव्हती. जीवरसायन विभागात बी. सी. हरिनाथ आणि त्यांचे सहकारी यांनी परिसरातील रोग हाच विषय निवडला. पुढे या कामासाठी जमनालाल बजाज यांच्या नावाने उष्ण कटिबंधीय रोगांचे संशोधन-केंद्र तेथे स्थापन झाले.

या कामाचे स्वरूप कळण्यासाठी त्या काळी जगात काय घडत होते हे थोडक्यात पाहणे अवश्य आहे. देहात परके द्रव्य शिरले की देह त्याच्या विरुद्ध प्रतिपिंड निर्माण करतो, हे जुने ज्ञान. प्रतिजन आणि प्रतिपिंड यांची जोडी परस्परांना नेमकी ओळखते. पण ही ओळख डोळ्यांना दिसावी कशी? १९५९-६० मध्ये अमेरिकेत यालो आणि बर्सन यांनी किरणोत्सर्गी द्रव्याची खूणचिठ्ठी लावून रक्तातील इन्सुलीन मोजून दाखविले. पण किरणोत्सर्गी द्रव्ये महाग, धोकादायक आणि खेड्यातील प्रयोगशाळेला न परवडणारी. १९७१ साली स्वीडनमध्ये एंग्वाल आणि पर्लमन यांनी, तसेच नेदरलंड्समध्ये व्हान वीमेन आणि स्खुर्स यांनी स्वतंत्रपणे, किरणोत्सर्गी द्रव्याऐवजी विकर जोडण्याची युक्ती काढली. विकर आपल्या ठरावीक द्रव्यावर क्रिया करून रंग पालटतो; रंग पालटला की जोडी जमली असे समजावे. हीच एलायझा पद्धती. तिच्यामुळे रक्तातील सूक्ष्म खुणा ओळखण्याचे काम मोठ्या यंत्रांच्या तावडीतून सुटले.

सेवाग्रामच्या प्रयोगशाळेने या पद्धतीत जो फेरफार केला तो इतिहासाच्या दृष्टीने मुद्दाम नोंदविण्याजोगा आहे. इतरत्र पेरॉक्सिडेझ नावाचे विकर वापरीत. येथे पेनिसिलिनेझ घेण्यात आले. १९४० साली एब्रहॅम आणि चेन यांनी जंतूंमध्ये पेनिसिलीन निकामी करणारे हे विकर शोधले, तेव्हा औषध अजून बाजारातही आले नव्हते. पुढे पेनिसिलीन घराघरांत पोचल्यावर वैद्य या विकराला शत्रूच मानू लागले. या शत्रूला सेवाग्रामात निरोप्याचे काम देण्यात आले. पिष्ट आणि आयोडीन एकत्र केले म्हणजे निळा रंग येतो, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. त्या द्रावणात पेनिसिलीन घालून ठेवले आणि त्यात पेनिसिलिनेझ आले, तर ते पेनिसिलीनचे जे रूपांतर करते ते आयोडीनला गिळून टाकते आणि निळा रंग नाहीसा होतो. अर्थात रंग गेला तर रक्तात खूण आहे. रंग राहिला तर नाही. महागड्या मापकयंत्रावाचून, केवळ डोळ्यांनी वाचता येणारी ही परीक्षा होती. पुढे तीच परीक्षा चकत्या आणि काड्या यांच्यावर करण्याची सोय काढण्यात आली, आणि बोटातील रक्ताचा थेंब गाळणकागदावर सुकवून आणण्याची रीतही अवलंबिण्यात आली. अनेकांनी ही सोय गौण मानली असेल. पण खेड्यातून नमुना आणावयाचा तर काचेच्या नळीपेक्षा कागदाचा तुकडा किती सोपा, हे तेथे काम केलेल्यालाच कळते.

पण परीक्षा स्वस्त आणि सोपी असणे पुरेसे नव्हते. ती नेमके काय ओळखते हा खरा प्रश्न होता. आरंभीचे प्रयत्न प्रतिपिंड ओळखण्याचे होते. त्यासाठी कृमीचे प्रतिजन हवे. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा कृमी प्रयोगशाळेतील सामान्य प्राण्यांत वाढत नाही. तो मनुष्याच्या देहातच नांदतो. म्हणून सूक्ष्मकृमी मनुष्याच्या रात्रीच्या रक्तातूनच मिळवावे लागत. ते पोषक द्रावणात जिवंत ठेवून त्यांनी बाहेर टाकलेली द्रव्ये गोळा करण्याची रीत सेवाग्राममध्ये विकसित झाली. संपूर्ण कृमी वाटून काढलेल्या अर्कापेक्षा ही उत्सर्जित द्रव्ये अधिक नेमकी ठरावीत अशी अपेक्षा होती, आणि ती बऱ्याच अंशी खरी ठरली.

तरीही एक अडचण मुळाशीच होती. जेथे हत्तीरोग स्थानिक आहे, तेथील निरोगी माणसालाही वर्षानुवर्षे बाधित डास चावत असतात. त्याच्या देहात प्रतिपिंड तयार होतात. रोग मात्र होतोच असे नाही. शिवाय कृमी मरून गेल्यावरही प्रतिपिंड टिकून राहतात. अर्थात प्रतिपिंड सापडला म्हणजे कृमीची आणि देहाची कधी तरी गाठ पडली होती, एवढेच सिद्ध होते. आज कृमी देहात आहे असे सिद्ध होत नाही. प्रतिपिंड हा जणू येऊन गेलेल्या पाहुण्याची पाऊलखूण. प्रतिजन म्हणजे घरात बसलेला पाहुणा. म्हणून सेवाग्रामचे संशोधक १९७९ च्या सुमारासच रक्तात फिरणाऱ्या प्रतिजनाकडे वळले. दीर्घकाळच्या हत्तीरोग्यांच्या रक्तजलातून काढलेले प्रतिपिंड पकडसापळ्यासारखे वापरून अन्य व्यक्तींच्या रक्तातील प्रतिजन ओळखण्याची पद्धत नवव्या दशकात त्यांनी प्रसिद्ध केली. ज्याचा पाय सुजला आहे पण ज्याच्या रक्तात कृमी नाहीत, त्याच दुर्दैवी रोग्याच्या रक्ताने धडधाकट दिसणाऱ्या वाहकाचा पत्ता लागावा, हा या पद्धतीतील योग विलक्षण म्हटला पाहिजे.

या कामाचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळली पाहिजेत. सेवाग्रामच्या परीक्षेने जगातील हत्तीरोग-निदानाची दिशा एकहाती बदलली असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. जागतिक पातळीवर मान्यता पावल्या त्या परीक्षा एकजिनसी प्रतिपिंडांवर आधारलेल्या होत्या. कोलर आणि मिल्स्टीन यांनी १९७५ साली असे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची रीत शोधल्यावर हे शक्य झाले. रोग्याच्या रक्तजलातून काढलेला प्रतिपिंड प्रत्येक वेळी थोडा निराळा निघतो. एकजिनसी प्रतिपिंड सर्वत्र सारखा. त्यामुळे कारखान्यातून बाहेर पडणारी, दिवसाच्या रक्तावर चालणारी आणि जगभर एकच उत्तर देणारी परीक्षा त्यातूनच निघणार, हे उघड होते. परंतु म्हणून सेवाग्रामचे काम केवळ स्थानिक हौस ठरत नाही. रक्तात फिरणारे कृमिप्रतिजन हीच शोधावयाची खूण, रात्रीची अट काढून टाकणे शक्य, आणि परीक्षा खेड्यात चालविता आली पाहिजे, या तिन्ही गोष्टी तेथे वेळीच ओळखल्या गेल्या होत्या.

याच प्रयोगशाळेने क्षयरोगासाठीही तशीच वाट चोखाळली. क्षयजंतूंच्या संवर्धनातून ३१ किलोडाल्टन वजनाचे एक प्रथिन वेगळे करून त्याच्या आधारे एलायझा परीक्षा तयार करण्यात आली, आणि विशेषतः फुप्फुसाबाहेरील क्षयात, जेथे थुंकीचा उपयोग होत नाही, तेथे तिचा वैद्याच्या निर्णयास आधार म्हणून वापर झाला. येथे मात्र देशातील व्यापक अनुभव सावध करणारा ठरला. बाजारात विकल्या जाणाऱ्या क्षयाच्या रक्तपरीक्षा भारतात दरवर्षी लाखोंनी होत होत्या. त्यांनी निरोगी माणसांना रोगी ठरविले आणि रोग्यांना निरोगी म्हणून घरी पाठविले. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा व्यापारी परीक्षा वापरू नयेत असा स्पष्ट निर्णय दिला, आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. एखाद्या रुग्णालयात, रोग्याला पाहिलेल्या वैद्याच्या हाती, मर्यादा जाणून केलेली परीक्षा आणि चौकातील दुकानात पैसे देऊन केलेली परीक्षा, या रसायनाच्या दृष्टीने सारख्या असतील. वैद्यकाच्या दृष्टीने त्या निरनिराळ्या गोष्टी आहेत.

हा फरक का पडतो, हे थोड्या अंकगणिताने समजते. समजा, एखादी परीक्षा शंभर रोग्यांपैकी नव्वद ओळखते आणि शंभर निरोग्यांपैकी पाचांना चुकून रोगी म्हणते. जेथे वैद्याने आधीच संशय घेतलेले शंभर लोक आहेत व त्यांतील पन्नास खरेच रोगी आहेत, तेथे ही परीक्षा पंचेचाळीस खरे रोगी दाखवील आणि दोन-तीनच निरोगी चुकून पकडील. तीच परीक्षा हजार वस्तीच्या, पन्नास वाहक असलेल्या गावात लावली तर पंचेचाळीस खरे वाहक आणि जवळजवळ तितकेच, म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, खोटे वाहक निघतील. आता एक लाख लोकांत दहांनाच जो रोग आहे, त्यासाठी ती वापरून पाहावी. नऊ खरे रोगी सापडतील आणि त्यांच्याबरोबर सुमारे पाच हजार निरोगी माणसे रोगी म्हणून उभी राहतील. रोग जितका विरळ, तितका रक्तातील खुणेचा शब्द हलका.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे नेमके हेच दुखणे आहे. त्याची आज सर्वाधिक वापरली जाणारी खूण सीए १९-९ ही होय. १९७९ साली फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत कोप्रोव्स्की आणि सहकारी यांनी, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी उंदरांना टोचून मिळविलेल्या एकजिनसी प्रतिपिंडाच्या साहाय्याने तिचा शोध लावला. म्हणजे ती शोधली गेली एका कर्करोगासाठी आणि उपयोगी पडली दुसऱ्याला. ही खूण म्हणजे लुईस रक्तगटाशी निगडित अशी शर्करायुक्त रचना आहे. ज्यांचा लुईस गट अभावात्मक असतो, त्यांच्या देहात ती तयारच होत नाही. पाश्चात्य लोकसमूहांत असे लोक शंभरात पाच ते दहा आढळतात. त्यांना कितीही मोठे अर्बुद झाले तरी रक्त मौन पाळते. उलट पित्तमार्ग अडल्यामुळे झालेली कावीळ वा स्वादुपिंडाचा दाह असेल, तर कर्करोग नसतानाही ही खूण दर मिलिलिटरला ३७ एकक या रूढ मर्यादेच्या वर जाते. शस्त्रक्रियेनंतर वा औषधोपचाराच्या काळात रोग वाढतो की घटतो हे पाहण्यास तिचा उपयोग आहे. लक्षणे नसलेल्या सर्वसाधारण माणसांत रोग हुडकण्यास ती अपुरी आहे. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांच्या कार्यदलाने २००४ साली आणि पुन्हा २०१९ साली लक्षणरहित प्रौढांची अशी चाळणी करू नये असाच निर्णय दिला.

म्हणून कर्करोगाचे संशोधकही आता सर्वांची परीक्षा करण्याऐवजी ज्यांच्यात रोगाची शक्यता अधिक आहे असा लहान गट आधी निवडण्याच्या प्रयत्नात आहेत. ज्यांच्या कुटुंबात हा रोग आहे ते, तसेच पन्नाशीनंतर ज्यांना नव्याने मधुमेह झाला ते, असे हे गट होत. दुसऱ्या गटातील सुमारे एक टक्का लोकांत पुढील तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग निघतो, असे अमेरिकेतील एका पाहणीत २००५ साली दिसून आले. लाखात दहांऐवजी शंभरात एक, असे प्रमाण झाले म्हणजे वरील अंकगणित पुष्कळ बदलते. त्याचबरोबर एका खुणेऐवजी अनेक खुणांचा समूह, अर्बुदातून रक्तात गळणारे जनुकद्रव्याचे तुकडे, यांचाही शोध चालू आहे. अशा प्रत्येक नव्या खुणेला, सेवाग्रामात हत्तीरोगाच्या खुणेला विचारले गेले तेच प्रश्न विचारावे लागतील: ती रोगाची आहे की देहाच्या प्रतिक्रियेची, ती आजची आहे की कालची, आणि ती कोणत्या गावात विचारली जात आहे.

या दोन रोगांतील एक भेद मात्र दुर्लक्षिता येत नाही. हत्तीरोगाच्या परीक्षेत निरोगी मनुष्य चुकून रोगी ठरला, तर त्याला स्वस्त गोळ्या घ्याव्या लागतात. फार तर चार दिवस मळमळ वा डोकेदुखी होते. क्षयाच्या परीक्षेतील चूक सहा महिन्यांच्या औषधांची आणि समाजातील संशयाची असते. स्वादुपिंडाच्या बाबतीत चूक झाली तर महागडी चित्रे, दुर्बिणीतून तपासणी, सुईने काढलेला पेशींचा नमुना आणि प्रसंगी मोठी शस्त्रक्रिया, असा क्रम लागतो. परीक्षेचा कस किती असावा हे केवळ रसायनावर ठरत नाही. चुकीची किंमत कोण आणि किती देणार यावरही ते ठरते. वर्धा जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या कुटुंबाला तपासण्यांची अशी मालिका कर्जात टाकण्यास पुरेशी आहे.

चुकीची किंमत अल्प असल्यामुळेच हत्तीरोगाच्या बाबतीत धोरणाने एक अनपेक्षित वळण घेतले. १९९७ साली जागतिक आरोग्य परिषदेने या रोगाच्या उच्चाटनाचा ठराव केला. २००० मध्ये जागतिक कार्यक्रम सुरू झाला. आणि २००४ पासून भारतात बाधित जिल्ह्यांतील सर्व पात्र लोकांना, त्यांची परीक्षा न करताच, वर्षातून एकदा डायएथिलकार्बमझीनची मात्रा देण्यास आरंभ झाला. पुढे तिला अल्बेंडाझोलची जोड मिळाली, आणि २०१९ च्या आरंभी नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांची मात्रा देण्यात आली. गुप्त वाहक कोण हे शोधण्यात दोन दशके घालविलेल्या संशोधकांना हे धोरण काहीसे विचित्र वाटले असल्यास नवल नाही. वाहक शोधावयाचा नाही, सर्वांनाच वाहक समजावयाचे, असा त्याचा अर्थ होता. परंतु गोळी निरोगी माणसाला घ्यावयास सांगितली की तो ती हातात घेतो आणि खिशात ठेवतो, हा अनुभव आरोग्यसेवकांना सर्वत्र येतो. आपल्या रक्तात कृमी आहे असे ज्याला दाखविले गेले, तो गोळी गिळण्याची शक्यता अधिक. या मुद्द्याचा विचार धोरणकर्त्यांनी जितका करावयास हवा होता तितका झाला नाही, असे म्हणावे लागते. उच्चाटनाची पहिली मुदत २०१५ ही होती. ती अनेकदा पुढे ढकलली जाऊन आता २०२७ ठरली आहे.

तथापि रक्तपरीक्षा या योजनेतून हद्दपार झाली नाही. तिचे स्थान बदलले. गोळ्यांच्या फेऱ्या पुरेशा झाल्यावर रोगाचे संक्रमण खरोखर थांबले काय, हे ठरविण्यासाठी २०११ पासून सहा-सात वर्षांच्या मुलांची प्रतिजन-परीक्षा करण्याची पद्धत आहे. ही मुले कार्यक्रम चालू असताना जन्मलेली. त्यांच्या रक्तात प्रतिजन नसेल तर गावातील डासांनी रोग पोचविणे बंद केले असे मानता येते. क्युलेक्स डास वाहक असलेल्या प्रदेशात हे प्रमाण दोन टक्क्यांच्या खाली असावे लागते. ही परीक्षा एका पट्टीवर, दिवसा, शाळेच्या वर्गात, बोटातील थेंबभर रक्तावर होते. मात्र त्या टप्प्यावर पोचण्याआधी निवडक गावांतील सूक्ष्मकृमींचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली गेले आहे हे दाखवावे लागते, आणि त्यासाठी आपल्याकडे रात्रीच्या रक्ताच्या काचाच तपासल्या जातात. रात्री साडेआठनंतर तपासनीस गावात निघतो, वीस घन मिलिमीटर रक्ताचा लेप काचेवर घेतो, आणि काचेच्या कडेवर घराचा क्रमांक लिहितो.